मुखत्यारी कोणाची? : 'वाचा देणाऱ्या' समीक्षेविषयी काही आक्षेप

१

मराठी समीक्षेत काही वाक्ये अशी आहेत की ती लिहिताना समीक्षकाला विचार करावा लागत नाही. 'शतकानुशतके मुक्या राहिलेल्या समाजाला या लेखकाने वाचा दिली' हे त्यांपैकी एक. दलित आत्मकथनांच्या, भटक्या-विमुक्तांच्या लेखनाच्या, ग्रामीण कादंबरीच्या आणि आदिवासी कवितेच्या परीक्षणांतून, प्रस्तावनांतून व प्रबंधांच्या उपसंहारांतून हे वाक्य किरकोळ फेरफार करून वापरले जाते. ते सद्भावनेने लिहिलेले असते आणि म्हणूनच त्याची तपासणी होत नाही. प्रस्तुत लेखाचा दावा असा की, या वाक्यात तीन गृहीतके दडलेली आहेत आणि ती तिन्ही टिकणारी नाहीत. पहिले, ज्यांच्याविषयी आपण बोलतो ते मुके होते. दुसरे, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार सहानुभूतीतून किंवा समान जन्मातून आपोआप प्राप्त होतो. तिसरे, बोलणारा मिळाला की प्रश्न निकालात निघाला. ऐकणाऱ्याकडे काही देणे उरत नाही.

भाषेपासूनच आरंभ करू. मराठीतला रूढ वाक्प्रचार 'अन्यायाला वाचा फोडणे' असा आहे. त्यातले कर्म अन्याय हे आहे, माणूस नव्हे. अन्याय ही खरोखरच मुकी वस्तू आहे. ती स्वतःहून बोलत नाही, तिला कोणीतरी शब्दांत मांडावे लागते आणि ते काम कोणीही करावे. माणसाची गोष्ट निराळी. त्याला वाचा असतेच. 'अन्यायाला वाचा' पासून 'अन्यायग्रस्ताला वाचा' इथवरचा प्रवास आपल्या समीक्षेने इतक्या सहज केला की, वस्तूच्या जागी माणूस आला हे कोणाच्या ध्यानात आले नाही. या एका विभक्तीच्या घसरगुंडीवर पुष्कळ सांस्कृतिक सत्ता उभी आहे.

याउलट, दुसऱ्याच्या वतीने कृती करण्याच्या अधिकारासाठी आपल्या कचेऱ्यांतून आणि वकिलांच्या टेबलांवरून जो शब्द फिरतो तो फार नेमका आहे: मुखत्यार. ऐकताना वाटते की त्याचा 'मुख' शी संबंध असावा. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याचे तोंड होणारा. पण शब्द अरबी वळणाचा आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'निवडलेला' असा आहे. मुखत्यारपत्र कोण लिहून देतो, कोणत्या कामापुरते देतो, आणि ते केव्हा रद्द करू शकतो, हे त्या कागदावर स्पष्ट असते. चळवळीच्या आणि साहित्याच्या क्षेत्रात मात्र मुखत्यारपत्र न दाखवताच मुखत्यारी चालते. ती मागण्याचा शिष्टाचारही आपण पाळलेला नाही.

२

हा वाद मराठी प्रदेशाला नवा नाही आणि तो पॅरिस किंवा कोलंबियाहून आयात झालेलाही नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. मताधिकाराच्या प्रश्नावर नेमलेल्या साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये दोन साक्षी झाल्या. एक विठ्ठल रामजी शिंदे यांची, दुसरी सिडनहॅम कॉलेजात तेव्हा अध्यापन करणाऱ्या भीमराव आंबेडकरांची. शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली होती. त्या कार्यात त्यांनी आपले व आपल्या कुटुंबाचे आयुष्य ओतले होते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि येथे तो मुद्दाही नाही. मुद्दा असा की, आंबेडकरांनी त्या साक्षीत एक तात्त्विक भेद केला, ज्याकडे आपल्या साहित्यविचाराने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. मतांचे प्रतिनिधित्व आणि माणसांचे प्रतिनिधित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. अस्पृश्यांच्या हिताचे मत एखादा सवर्ण सभासद उत्तम रीतीने मांडू शकेल. तरीही लोकांचे राज्य म्हणायचे तर ते मत मांडणाऱ्या जागी ती माणसे प्रत्यक्ष असावी लागतात. लोकांसाठी चाललेले राज्य आणि लोकांनी चालवलेले राज्य यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर.

पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. कौन्सिलातील अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनीच निवडावेत, अशा आशयाची मिशनची सूचना होती. परिषदेने तिचा निषेध केला. आजच्या वाचकाला हा निषेध कृतघ्नपणाचा वाटण्याचा संभव आहे. ज्या संस्थेने शाळा चालवल्या, वसतिगृहे काढली, तिचाच निषेध? पण उपकार आणि मुखत्यारी ही एकाच खात्यावर जमा होणारी रक्कम नव्हे, हेच तर परिषदेला सांगायचे होते. शाळा काढल्याबद्दल आभार मानता येतात. आमचा प्रतिनिधी तुम्ही निवडा, हा अधिकार त्या आभारांत येत नाही.

१९३२ मध्ये हा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर पोचला. ऑगस्टमधल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने त्यांच्याऐवजी संयुक्त मतदारसंघ आले आणि प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. जागा दुपटीहून अधिक वाढल्या, पण निवडणारा बदलला. प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची नावे अस्पृश्य मतदारांनी ठरवायची, आणि त्यांतला कोण पुढे जाणार हे सर्वांच्या मतांनी ठरायचे, अशी ती रचना होती. सर्वांची मते म्हणजे बहुसंख्येने सवर्णांची मते. प्रतिनिधी अस्पृश्य असेल. तो सवर्णांना चालणारा अस्पृश्य असेल.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या अस्पृश्यतानिवारक संस्थेच्या, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाच्या, कार्यकारी मंडळात अस्पृश्यांना स्थान का नाही, या प्रश्नावर गांधींचे उत्तर असे होते की, हे ऋणकोंचे मंडळ आहे. सवर्णांना प्रायश्चित्त घ्यायचे आहे. या उत्तरात नैतिक बळ आहे, ते नाकारू नये. पापी माणसाचे प्रायश्चित्त त्यानेच घ्यायचे असते. पण हाच तर्क शेवटपर्यंत नेला तर तो गांधींच्याच विरुद्ध जातो. ज्याने प्रायश्चित्त घ्यायचे त्याने आपल्या पापाविषयी बोलावे. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून उभे राहण्याचा दावा त्याला करता येत नाही. ऋणकोने धनकोच्या वतीने बोलण्याचा प्रकार कोणत्याही पेढीवर चालत नाही.

३

पहिले गृहीतक मुकेपणाचे. आंबेडकरांनीच १९२० मध्ये आपल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले, हा आक्षेप येथे कोणी घेईल. तो घ्यावाच, कारण त्यांच्या नियतकालिकांची नावे क्रमाने वाचली की उत्तर त्यातच सापडते: 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६. 'मूक' हे विशेषण आहे; ते माणसाचा गुणधर्म सांगते, जणू तो जन्मतःच तसा. 'बहिष्कृत' हे कर्मणि धातुसाधित आहे. त्यात कोणीतरी बहिष्कार घातला आहे, एक कर्ता दडला आहे, ज्याला शोधून काढता येते व जाब विचारता येतो. सात वर्षांत शब्द बदलला आणि त्याबरोबर दोषाची जागाही बदलली. आपली समीक्षा मात्र १९२० च्या पहिल्या शब्दाशीच थबकली आणि पुढची तीन नावे तिने वाचलीच नाहीत.

इतिहासही मुकेपणाला दुजोरा देत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. मांग-महारांचे दुःख हा त्याचा विषय, आणि ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा त्यातला प्रश्न. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना ज्या चिपळूणकरी 'निबंधमाले'ला आपण आरंभस्थानाजवळ बसवतो, ती १८७४ ची. म्हणजे 'मुकी' मुलगी एकोणीस वर्षे आधी बोलली होती. तिचे बोलणे छापील स्वरूपात उपलब्ध होते. ते वाङ्मयेतिहासाच्या पानावर यायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. याला मुकेपणा म्हणायचे की बहिरेपणा?

येथे एक प्रामाणिक हरकत आहे. शाळा फुल्यांची होती, नियतकालिक मिशनऱ्यांचे होते; म्हणजे मध्यस्थांवाचून मुक्ता साळवेही बोलू शकली नसती. हे मान्य. प्रश्न मध्यस्थ असावा की नसावा असा नाहीच. मध्यस्थाने काय करावे, हा प्रश्न आहे, आणि त्याचेही उदाहरण फुल्यांनीच घालून दिले आहे. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर झालेल्या टीकेत सत्यशोधकांपैकीही काही होते. फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार' मध्ये त्या पुस्तकाची बाजू घेतली. त्यांनी ताराबाईंचे म्हणणे आपल्या शब्दांत पुन्हा सांगून ते 'अधिक योग्य' केले नाही. आपल्याच सहकाऱ्यांना त्यांनी जाब विचारला. ते ताराबाईंच्या वतीने बोलले नाहीत, ताराबाईंच्या बोलण्याच्या हक्काच्या वतीने बोलले. कार्यकर्त्याच्या भूमिकेची याहून चांगली व्याख्या प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. आणि त्याच वर्षी मराठी ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला फुल्यांनी जे नकाराचे उत्तर दिले, ते याच विचाराची दुसरी बाजू होय: ज्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही, त्यांच्या मंडळाने आमच्या नावाने बोलू नये.

४

दुसरे गृहीतक अधिक अवघड आहे, कारण ते केवळ सवर्ण समीक्षकाचे नाही. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' हे दलित साहित्याच्या आरंभकाळातील न्याय्य शस्त्र होते. त्याने कल्पनेने दलित जीवन रंगवणाऱ्यांची मक्तेदारी मोडली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. पण शस्त्राचे जेव्हा प्रमाणपत्र होते, तेव्हा ते तपासावे लागते. समान जन्म हे मुखत्यारपत्र आहे काय?

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्याची निवेदनरचनाच दुभंगलेली आहे: दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकलेला, नोकरदार, साहित्यवर्तुळात वावरणारा 'दया' आणि कावाखान्यातला 'दगडू' हे एकच असूनही एक नाहीत, याची कबुली या कृतीने आपल्या रचनेतूनच दिली. स्वतःविषयी बोलतानासुद्धा माणूस आपल्याच एका भागाच्या वतीने बोलत असतो, आणि त्या भागाने त्याला अधिकार दिला आहे किंवा नाही ही टोचणी त्याला सोडत नाही. समीक्षेने 'अनुभवाची अस्सलता' एवढेच पदक कृतीच्या छातीवर लावले आणि तिने उपस्थित केलेला प्रातिनिधिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मध्ये मुलगा आईच्या आयुष्याविषयी बोलतो. पुस्तक मुलाचे आहे. नाचणारी आई त्यातली व्यक्तिरेखा आहे. समाज एक, घर एक, तरी बोलणारा आणि जिच्याविषयी बोलले गेले ती वेगळी. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) तर याच्या पुढे जाते. शीर्षकातच अनेकवचन आहे. ते एकटीचे आत्मचरित्र असल्याचा दावा करीत नाही. पण हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते, आणि मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते पुढे प्रकाशात आले. चळवळीने भारलेल्या घरातही बाईला आपले कागद लपवावे लागले, ही वस्तुस्थिती 'आपला माणूस आपल्या वतीने बोलतो' या भाबड्या समीकरणाला पुरेसे उत्तर आहे. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात असे जे मांडले, त्याचा रोख दुहेरी होता: सवर्ण स्त्रीवाद्यांनी 'स्त्री' म्हणून त्यांची मुखत्यारी घेतली होती, आणि दलित पुरुषांनी 'दलित' म्हणून.

आता पुणे कराराकडे परत वळू, कारण साहित्यव्यवहारातही एक संयुक्त मतदारसंघ आहे. दलित लेखक आपल्या वस्तीतून बोलतो हे खरे. पण कोणत्या लेखकाचे पुस्तक छापायचे, कोणाला पुरस्कार द्यायचा, कोणाचा अनुवाद करायचा आणि कोणाला अभ्यासक्रमात नेमायचे, हे ठरवणारे मतदार बहुसंख्येने त्या वस्तीबाहेरचे आहेत. या मतदारांना काय आवडते? यातना आवडते, भूक, मार, अपमान, शिव्या आणि अखेरीस शिक्षणाने झालेली सुटका आवडते. मराठीत आत्मकथनाचा प्रकार दलित साहित्यात इतर सर्व प्रकारांवर मात करून बसला याचे एक कारण लेखकांच्या गरजेत आहे, पण दुसरे या मतदारसंघाच्या आवडीत आहे. आपल्या अपमानाचे प्रदर्शन मांडल्याबद्दल दलित वाचकांतूनही आत्मकथनांवर टीका झाली. समीक्षेने तिला 'आत्मलज्जा' म्हणून झटकले. वस्तुतः तो प्राथमिक निवडणुकीतल्या मतदाराचा आवाज होता: आमच्या वतीने हे बोला असे आम्ही सांगितले नव्हते.

याचा अर्थ त्या लेखकांनी लिहू नये असा होत नाही. आपले आयुष्य सांगण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते. परंतु त्या सांगण्याला 'समग्र समाजाचा हुंकार' ही उपाधी देणारा लेखक नसतो, समीक्षक असतो. त्याने एका माणसाच्या आत्मकथनाला लाखोंचे मुखत्यारपत्र जोडले, आणि ते त्या लाखोंनी लिहून दिलेले नव्हते.

५

तिसरे गृहीतक ऐकणाऱ्याविषयी. येथे गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचे नाव घेतल्यावाचून आपल्याकडील परिसंवाद पुरे होत नाहीत, आणि बहुतेक वेळा ते उलट्या अर्थाने घेतले जाते. निम्नस्तरीय बोलू शकतात काय, या शीर्षकाचा त्यांचा निबंध १९८८ चा. त्याचे उत्तर नकारार्थी आहे एवढे ऐकून आपल्या विद्यार्थ्यांनी निष्कर्ष काढला की, ती माणसे मुकी आहेत हे आता सिद्धान्तानेही सिद्ध झाले! स्पिव्हाक यांच्या निबंधातील भुवनेश्वरी भादुरीने १९२६ मध्ये आत्महत्या केली ती मासिक पाळीच्या काळात, म्हणजे तिच्या मृत्यूचा अर्थ अनैतिक गर्भधारणेशी जोडला जाऊ नये म्हणून. तिने आपल्या देहाने विधान केले होते. नंतरच्या पिढ्यांनी, तिच्याच कुटुंबातील स्त्रियांनीही, ते वाचले नाही. बोलणे घडले; व्यवहार पुरा झाला नाही, कारण समोर ऐकणारा नव्हता. स्पिव्हाक यांनी पुढे १९९९ मध्ये आपल्या नकारार्थी वाक्याला अनुचित म्हटले, हेही आपल्याकडे क्वचित सांगितले जाते.

त्या निबंधाचा दुसरा भाग आपल्याला अधिक उपयोगी आहे. १९७२ च्या एका संभाषणात फूको आणि दलझ यांनी दुसऱ्याच्या वतीने बोलणे लांच्छनास्पद ठरवले होते. जनता आपले आपण बोलते, विचारवंताने बाजूला व्हावे, असा त्याचा सूर. स्पिव्हाक यांचा आक्षेप असा की, बाजूला झाल्याचे जाहीर करणारा विचारवंत वस्तुतः बाजूला होत नाही. तो पारदर्शक काच असल्याचे सोंग करतो. जर्मन भाषेत प्रतिनिधी होणे आणि चित्र उभे करणे यांसाठी दोन शब्द आहेत, इंग्रजीत एकच. या भेदावर त्यांनी बोट ठेवले. मराठीत आपल्यापाशीही दोन शब्द आहेत: प्रतिनिधित्व आणि चित्रण. असे असूनही आपण 'प्रातिनिधिक चित्रण' असे जोडनाव देऊन दोहोंचा घोटाळा केला, हे आपले स्वतंत्र कर्तृत्व.

बाजूला होण्याच्या या पवित्र्याचे मराठी रूप आज फार बोकाळले आहे. 'तो माझा अनुभव नाही, म्हणून मी त्यावर बोलणार नाही' असे म्हणणारा प्राध्यापक नम्र वाटतो. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये गोपाळ गुरूंच्या मांडणीवर भाष्य करताना हाच धोका दाखवला होता: वेगळेपणाचा गौरव करून सवर्ण स्त्रीवादी आपल्या जबाबदारीतून मोकळ्या होतात, आणि जातीचा प्रश्न दलित स्त्रियांच्या माथी मारला जातो. जात हा सवर्णांचाही अनुभव आहे. भोगण्याचा नव्हे, लाभण्याचा. त्याविषयी त्यांनी बोलावे. तिथे त्यांना कोणाचे मुखत्यारपत्र लागत नाही. ते बोलत नाहीत, कारण दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलणे आपल्या लाभाविषयी बोलण्यापेक्षा सुखाचे असते.

६

हा केवळ ग्रंथातला वाद नाही. २००५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली आणि त्या ऑगस्टपासून बंदी अमलात आली. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना तीतून वगळण्यात आले. स्त्रियांची प्रतिष्ठा आणि तरुणांचे भवितव्य यांच्या नावाने हा निर्णय झाला. ज्यांची प्रतिष्ठा राखायची होती त्यांची उपजीविका त्यात गेली. स्त्री-संघटनांत फूट पडली. काही गट बंदीच्या बाजूचे होते, आणि त्यांपैकी दलित चळवळीतून आलेल्या कार्यकर्त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता: ठरावीक जातींच्या बायकांनी नाचायचे आणि इतरांनी पैसे उधळायचे, ही जातिव्यवस्थेची जुनी चाल आहे. दुसऱ्या बाजूला एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री-अत्याचारविरोधी मंचाने नर्तकींना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या परिस्थितीची पाहणी केली. नर्तकींच्या संघटनेने न्यायालयात अर्ज केला. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

कोणत्या बाजूचे विश्लेषण अधिक बरोबर होते, हा प्रश्न येथे मुद्दाम बाजूला ठेवतो. जातीचे विश्लेषण बरोबर असूनही मुखत्यारीचा दावा चुकीचा असू शकतो. 'हा धंदा जातीच्या शोषणावर उभा आहे' हे विधान कोणीही करावे आणि पुराव्यानिशी करावे. ते अन्यायाला वाचा फोडणे झाले. 'म्हणून तुम्ही उद्यापासून नाचायचे नाही, आणि हे आम्ही तुमच्याच वतीने मागत आहोत' हे विधान करण्यासाठी मात्र त्या बाईची सही लागते. नर्तकींच्या संघटनेच्या अध्यक्षा स्वतः नर्तकी नव्हत्या, यावरून त्या काळी पुष्कळ टोमणे मारले गेले. ते अस्थानी होते. ज्या संघटनेच्या सभासद आपला अध्यक्ष बदलू शकतात, तिच्या अध्यक्षाने स्वतः नाचलेले असलेच पाहिजे असे नाही. आणि ज्या पुढाऱ्याला कोणी बदलू शकत नाही, त्याचा जन्म त्याच वस्तीतला असला तरी तो मुखत्यार ठरत नाही.

विजय तेंडुलकरांचे 'कमला' हे नाटक १९८१ च्या एका वृत्तपत्रीय घटनेवर आधारलेले आहे. स्त्रियांचा बाजार उघडकीस आणण्यासाठी पत्रकार जयसिंग एक बाई विकत घेतो आणि तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. पुरावा म्हणून ती हवी आहे, साक्षीदार म्हणून नव्हे. तिचे खरे बोलणे घडते ते परिषदेबाहेर, घरात, जेव्हा जयसिंगच्या बायकोला ती तिची किंमत विचारते. आपली समीक्षा या प्रश्नावर खूश आहे, कारण त्याने सरिता जागी होते. पण यानंतर कमलेचे काय? ती आश्रमात जाते आणि नाटक सरितेचे होते. जयसिंगने तिला बातमीसाठी वापरले, नाटकाने तिला सरितेच्या जागृतीसाठी वापरले, आणि स्त्रीवादी समीक्षेने त्या जागृतीच्या गौरवासाठी. तीन वेळा तिचा उपयोग झाला. तीनही वेळा हेतू चांगला होता. जयसिंगवर टीका करणे सोपे आहे. त्याच्या आणि आपल्या व्यवहारात नेमका फरक काय, हे सांगणे कठीण आहे.

७

यातून काही कसोट्या निघतात. चित्रण आणि मुखत्यारी यांची गल्लत करू नये: दुसऱ्याच्या आयुष्याविषयी लिहिण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण ते लिहिणे त्याच्या वतीने आहे असे म्हणताच अधिकाराचा पुरावा द्यावा लागतो. मुखत्यारी कामापुरती आणि परत घेता येण्याजोगी असावी. जिथे माणूस खरोखर बोलू शकत नाही, म्हणजे मूल आहे, तुरुंगात आहे, मेला आहे, किंवा बोलला तर उद्याची मजुरी जाणार आहे, तिथे बोलणाऱ्याने स्वतःला नायक न समजता विश्वस्त समजावे. आणि विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो. शेवटचे, बोलण्याच्या हक्कात चुकण्याचा, चळवळीशी मतभेद असण्याचा आणि आपल्या दुःखाखेरीज इतर विषयांवर बोलण्याचा हक्कही येतो.

ही शेवटची कसोटी विद्यापीठांना सर्वांत अधिक लागू आहे. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये सामाजिक शास्त्रांतील सैद्धान्तिक ब्राह्मण आणि अनुभवनिष्ठ शूद्र अशी जी विभागणी दाखवली, ती मराठी विभागांत पाहायला दूर जावे लागत नाही. दलित लेखकाला चर्चासत्रात बोलावतात ते त्याच्या 'जडणघडणी'विषयी बोलण्यासाठी. बीजभाषण दुसऱ्याचे असते. प्रबंधांत पहिली तीन प्रकरणे सिद्धान्ताची, पुढची दोन संहितांची, आणि ज्यांच्याविषयी प्रबंध आहे त्या माणसांच्या मुलाखती परिशिष्टात. परिशिष्टातला माणूस प्रबंधाच्या निष्कर्षाशी असहमत असू शकतो, ही शक्यता मार्गदर्शकाला सुचत नाही आणि बहिःस्थ परीक्षकही ती विचारत नाही. हे वर्गीकरण छपाईच्या सोयीचे नसून मुखत्यारीचे आहे.

परीक्षणांतली गोष्टही अशीच. आत्मकथन वाचून समीक्षक 'हेलावून' जातो आणि कृतीविषयी एकही आक्षेप नोंदवत नाही. ज्याच्याशी आपण वाद घालत नाही, त्याला आपण बरोबरीचा बोलणारा मानलेले नसते. रडणाऱ्या मुलाशी कोणी युक्तिवाद करत नाही. ज्या दिवशी दलित, भटक्या किंवा आदिवासी लेखकाच्या विधानाला 'हे मला पटत नाही, आणि त्याची कारणे ही' असे लिहिलेले उत्तर मिळेल, आणि त्या उत्तराला त्याचे प्रत्युत्तर छापण्यासाठी त्याच नियतकालिकात तितकीच पाने राखून ठेवली जातील, त्या दिवशी ऐकण्यास आरंभ झाला असे म्हणता येईल. तोपर्यंत 'मुक्यांना वाचा दिली' हे वाक्य लिहिण्यापूर्वी प्रत्येक समीक्षकाने निदान एवढे तपासावे की, ती वाचा पूर्वी कोठे छापली गेली होती, आणि आपल्या ग्रंथालयात ती इतकी वर्षे कोणी उघडली नव्हती.